चूलबंद आवतन

चैत्र सरत आला की नांदेडात दोन आवाज सुरू होतात. एक बँडवाल्यांचा आणि दुसरा पोलिसांच्या भोंग्याच्या गाडीचा. यंदा बँडाच्या आधी गाडीच आली. भर दुपारी, गल्लीतलं कुत्रंसुद्धा नालीत अंग टाकून पडलेलं असताना, ती हळूहळू सरकत आली आणि भोंग्यातून बाईचा आवाज निघाला. लग्नाला जाताना शेजाऱ्याला सांगून जा. दागिने कपाटात ठेवून जाऊ नका. घरी कोणी नाही हे बाहेरच्याला कळू देऊ नका. अनोळखी माणूस रेंगाळताना दिसला तर ठाण्यात कळवा.

मी ओट्यावर बसलो होतो. घरात सगळी माणसं होती. सून गच्चीवर कुरडया घालून नुकतीच उतरली होती, नात मोबाईलवर साड्या बघत होती. तरी माझा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला आणि गाडी वळणाआड होईस्तोवर तिथंच राहिला. त्या एका उन्हाळ्यानं लावलेली ही खोड आहे. आता जायची नाही.

उन्हाळा म्हणजे आमच्याकडं लगनसराई. गोदावरी आटून घाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात, कूलरमधल्या वाळ्याचा वास घराघरातून रस्त्यावर येतो, डांबर चपलेला चिकटतं, आणि ह्याच दिवसांत लोकांना लेकरांची लग्नं करायची असतात. बाहेरचा माणूस हसतो. पण पेरणीच्या आत कार्य उरकावं हा आमच्या बापजाद्यांचा हिशेब, तो शहरात येऊनही सुटला नाही.

आणि आमच्यात पत्रिका म्हणजे नुसता कागद. खरं बोलावणं तोंडी. आम्ही शंकराची माणसं, गळ्यात लिंग बांधणारी. कार्य निघालं की जंगम स्वामी, आमचे पुरोहित, दारोदार फिरून आवतन देतात. घरटी एका माणसाचं आवतन वेगळं. ज्याला लग्नघर आपलं मानतं त्याला चूलबंद आवतन. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही. म्हातारंकोतारं, लेकरंबाळं, आलागेला पाहुणा, सगळ्यांनी तिकडंच जेवायचं. मागं घरात कोणी राहिलं तर यजमानाचा अपमान.

आमच्या भागात हे आवतन बसय्या स्वामी द्यायचा. बसय्या आणि मी एका गावचे, शिरूर अनंतपाळजवळच्या. एकाच विहिरीत पोहायला शिकलो, एकाच मास्तराचा मार खाल्ला आणि जवळपास एकाच वेळी शाळा सोडली. मी नांदेडला येऊन दोर-चऱ्हाट, कड्या-कुलपांचं दुकान टाकलं. तो मागोमाग आला आणि मठात राहिला. लोकांत मी त्याला स्वामी म्हणतो, वाकून नमस्कारही करतो. दोघंच असलो की तो बस्या आणि मी म्हातारा.

त्याचा आवाज ऐकायला पाहिजे होता. चहाच्या टपरीशेजारी लिंबाचं झाड आहे, तिथं आधी तांब्याभर पाणी प्यायचा. मग झोळीतून घंटा काढून वाजवायचा आणि गळा सोडायचा. "शिवलिंगआप्पाऽ! उद्या उमरीला व्याह्याच्या घरचं लगीन! चूलबंद आवतन हाय होऽ!" ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्या उघडायच्या. असं चारचौघात आपलं नाव गाजलं की छाती फुगायची. ज्याचं नाव आलं नाही त्याच्या घरात संध्याकाळपर्यंत भांडी आपटायची.

त्या उन्हाळ्यात हाच आवाज आमच्यावर उलटला.

आधी कोपऱ्यावरच्या मास्तरांचं घर फुटलं. मग डाळमिलच्या मुनिमाचं. मग पलीकडच्या गल्लीत, मग पुन्हा आमच्यात. सगळ्या चोऱ्या दिवसाढवळ्या, घरची माणसं लग्नात अक्षता टाकत असताना. कशाला तोडफोड नाही, आरडाओरडा नाही. कोयंडा कापायचा, कपाट उघडायचं, सोनं-चांदी घ्यायची, आणि जाताना दार पुढं ओढून घ्यायचं. सभ्य माणसासारखं.

लग्नांची चव गेली. बायका मांडवात एका हातानं अक्षता टाकायच्या आणि दुसऱ्या हातानं गळा चाचपायच्या. पंगतीत माणूस बुंदी हातात धरून फोनवर विचारायचा, "आमचं दार दिसायलंय का तुमच्या खिडकीतून? कुलूप हाय ना?" कोणी रेडिओ चालू ठेवून जायचं, कोणी ओट्यावर दुसऱ्याच्या चपला मांडून जायचं. मास्तरीणबाईंनी दोरीवर धोतर वाळत घातलं. त्यांच्या घरात धोतर नेसणारं कोणी नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

पोलीस काही झोपले नव्हते, हे मी सांगतो. शेख जमादार मोटारसायकलवरून चकरा मारायचे. भंगारवाल्याला थांबवून झडती, फेरीवाल्याला नावगाव. सोनारांच्या पेढीवर जाऊन कोणी काय मोडायला आणलं ह्याची चौकशी. दुकानांवरचे कॅमेरेही बघितले. पण उन्हाळ्यात अर्धं नांदेड तोंडाला पांढरा रुमाल बांधून फिरतं. पडद्यावर नुसते डोळे दिसायचे. जमादार वैतागून म्हणाले, "आप्पा, ह्यात माझा साडूसुद्धा मला चोरच दिसून राहिला."

मग आमची पाळी आली.

उमरीहून जीप गल्लीत शिरली तेव्हा चार-पाच माणसं आमच्या ओट्यासमोर गप्प उभी होती. माणसं गप्प उभी असली की समजून घ्यावं. दाराला कुलूप तसंच लटकत होतं. माझ्या दुकानातलं, पितळी, मुठीएवढं. कुलपाला ओरखडा नव्हता. कोयंडाच कापलेला. शेख जमादार ते कुलूप हातात तोलून म्हणाले, "कुलूप लई भारी घेतलं आप्पा. लावलं मात्र पापडाला." दुसरी वेळ असती तर बोललो असतो.

सुनेचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात होतं म्हणून वाचलं. बाकी गेलं. मला त्यातल्या एकाच वस्तूचं पडलं होतं. माझी कारभारीण कलावती गेली तेव्हा तिचं लिंग रिवाजाप्रमाणं तिच्यासोबत मातीत गेलं. ज्या चांदीच्या डबीत ते आयुष्यभर तिच्या गळ्यात राहिलं ती डबी मी ठेवून घेतली होती. डबीच्या एका कडेला तिच्या अंगठ्यानं झिजून खळगा पडलेला. बोलताना ती डबी चोळायची सवय होती तिला. मी सकाळी पूजेला बसलो की त्या खळग्यात माझा अंगठा ठेवायचो. इतकंच.

ठसेवाले आले, कपाटावर काळी पूड उडवून गेले. सून म्हणाली, "चोरानं केली न्हाई इतकी घाण ह्यांनी केली." मग कुत्रा आणला. चांगलं तुकतुकीत कुत्रं. कपाट हुंगलं, उंबरा ओलांडला, सगळी गल्ली श्वास रोखून मागं. कुत्रा सरळ गेला तो चहाच्या टपरीजवळ, लिंबाखाली. तिथं दोनदा फिरला आणि बसला. पुढं हलेना.

लिंबाखाली स्वामीची तांब्या ठेवायची जागा.

माझ्या पाठीमागं नजरा एकमेकींना भिडल्याचं मला न बघता कळलं. कोणाच्या घरी चूल पेटणार नाही, हे आदल्या दिवशी कोणाला ठाऊक असतं? आवतन देणाऱ्याला. फुटलेल्या सगळ्या घरी आवतन कोणी दिलं? मुनिमानंच शेवटी तोंड उघडलं. "मी नाव घेत न्हाई बाबा. पण कुत्रं खोटं बोलत न्हाई."

ठाण्यात फिर्याद लिहून घेताना शेवटचा प्रश्न असतो. कोणावर संशय? माझा मुलगा संगमेश्वर शेजारी बसला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आप्पा, सांगून टाका. ते काय लगेच फाशी द्यायलेत का? नुसती चौकशी करतील."

मी म्हणालो, "लिहा. कोणावर संशय न्हाई."

लिहिणाऱ्यानं वर बघितलं. "आजोबा, गल्लीतले सगळे एक नाव घ्यायलेत."

"गल्लीला घेऊ द्या. घर माझं फुटलंय. संशय घ्यायचा का न्हाई हा माझा हक्क."

परतताना संगू माझ्याशी बोलला नाही. घरी आल्यावर बोलला. "आईची डबी गेली तुमच्या हट्टापायी. सापडायची ती आता सापडत न्हाई." मी त्याला म्हणालो, "तुझ्या आईला विचारलं असतंस तर तिनं काय सांगितलं असतं?" तो उठून गेला. बापलेकांत त्या उन्हाळ्यात जेवण्यापुरतंच बोलणं राहिलं.

मी नाव दिलं नाही म्हणून काही थांबलं नाही. बाकीच्यांनी दिलं होतं. ठाण्यात नवीन फौजदार बाई आल्या होत्या. सावळ्या, बारीक अंगाच्या, आवाज खालचा. त्यांनी स्वामीला रोज सकाळी ठाण्यात येऊन बसायला सांगितलं. मारहाण नाही, शिवी नाही. नुसतं बाकावर बसायचं. ज्या माणसाच्या पायाचं पाणी लोक डोळ्याला लावायचे तो भगवं धोतर नेसून पाकीटमारांच्या शेजारी बसायचा. येणारे-जाणारे बघायचे. उन्हं तापली की सोडायचे.

एकदा लिंबाखाली मी त्याला गाठलं. टपरीवाल्यानं नेहमीचं पाणी पुढं केलं नव्हतं. मी माझ्या घरून तांब्या आणला. तो पाणी प्यायला नाही. म्हणाला, "म्हाताऱ्या, तू माझ्याजवळ बसू नगंस. तुलाही बोलवतील."

"बोलवू दे. बाकावर जागा असंल ना?"

"हाय. पण ढेकूण लई हायेत." तो जरा हसला, मग हसू विझलं. "तुला संशय न्हाई आला? खरं सांग."

"न्हाई आला."

"कामून?"

"विहिरीत माझी लंगोटी लपवली होतीस तर तुझा चेहरा दिवसभर सांगत होता. तुला चोरी जमत न्हाई बस्या."

फौजदार बाई एका सकाळी आमच्या घरी आल्या, शेख जमादारांना घेऊन. सुनेनं खुर्ची दिली, त्या सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, "आप्पा, स्वामींवर मलाही संशय होता. आता नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. ठाण्यात त्यांनी शहराचा नकाशा भिंतीवर लावून फुटलेल्या घरांवर टाचण्या टोचल्या होत्या. स्वामी बाकावर बसून असतानाही दोन घरं फुटली होती. पण दोन्हीकडं आदल्या दिवशी त्यानंच आवतन दिलेलं. म्हणजे चोर तो नव्हता. चोर त्याचं ऐकत होता.

"कुत्रा लिंबाखाली का बसला ते आता कळलं," बाई म्हणाल्या. "तिथं टपरीवर कोणीतरी चहा पीत बसतं आणि आवतन ऐकतं. कोणतं घर उद्या रिकामं, हे त्याला आयतं कळतं. तुमच्या समाजानं हे ओरडून आवतन देणं बंद केलं पाहिजे."

मी म्हणालो, "का म्हणून?"

"चोऱ्या थांबतील म्हणून."

"चोरासाठी आम्ही मुकं व्हायचं? बाई, तुम्ही चोर धरा. आमचं तोंड धरू नका."

सून आतून खोकली. शेख जमादार छताकडं बघू लागले. बाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं. मग एक आवतन मला हवंय. तुमच्या नावाचं. मोठ्यानं."

असा सापळा ठरला. नायगावाकडं आमच्या पाहुण्यांत खरंच लग्न होतं. घरच्यांनी नटूनथटून जायचं, बाहेरून कुलूप लावायचं, आणि आत बाई, जमादार आणि एक शिपाई बसून राहणार. मी म्हणालो, मीही बसणार. बाई नाही म्हणाल्या. मी म्हणालो, "माझ्या घरात मला सोडून पोलीस? गल्लीला काय सांगू?" शेवटी जमादार म्हणाले, "बसू द्या मॅडम, ये बुड्ढा मानताच नहीं."

अवघड काम होतं ते स्वामीचं. त्याला पुन्हा लिंबाखाली उभं राहून ओरडायचं होतं, आणि ऐकणारा तिथंच कुठंतरी बसला आहे हे जाणून ओरडायचं होतं. मी ओट्यावर होतो. त्यानं घंटा वाजवली तीच बेसूर वाजली. "शिवलिंगआप्पाऽ" म्हणताना पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला. खिडक्या उघडल्या, पण कौतुकानं नाही. त्याला बघून काही बंदही झाल्या. त्यानं आवतन पुरं केलं आणि मागं न बघता निघून गेला. टपरीवर नेहमीची माणसं चहा पीत होती. कोणाकडंही बघायचं नाही असा हुकूम होता. मी माझ्या पायांकडं बघत बसलो. तितकं अवघड काम मी आयुष्यात क्वचितच केलं असेल.

दुसऱ्या दिवशी घरची माणसं गेली. कुलपाचा आवाज बाहेरून कसा येतो हे मी पहिल्यांदा आतून ऐकलं. पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या लावलेल्या. पत्र्याच्या डब्यात भाजायला ठेवल्यासारखी आम्ही माणसं. बाई दाराआड, जमादार कपाटाच्या बाजूला, शिपाई मोरीत. मी देवघरापाशी पाटावर. घामाचा थेंब नाकावरून ओघळला तरी पुसायचा नाही. बाहेर कुल्फीवाल्याची घंटा गेली. बँड वाजत गेला. मांजर गच्चीवर धपकन उतरलं तर शिपायानं मोरीत तांब्या पाडता पाडता धरला.

आणि मला खोकला आला. म्हातारपणाचा खोकला वेळ बघत नाही. मी उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, डोळ्यांतून पाणी काढलं, पण आवाज काढला नाही. बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्याही कपाळावरून घाम वाहत होता. आत्ता मी खोकलो तर स्वामीच्या नावाला लागलेला काळा डाग जन्मभर तसाच राहणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दाराची घंटी वाजली. एकदा. मग पुन्हा.

"आप्पा हायेत का घरी?" ओळखीच्या माणसासारखा गोड आवाज. "ओ आप्पा!"

माझं नाव त्या तोंडातून ऐकून मी पाट घट्ट धरला. पावलं थोडी मागं गेली, परत आली. कुलूप हलकेच उचलून सोडल्याचा आवाज. मग लोखंडावर लोखंड घासू लागलं. नवा कोयंडा मी मुद्दाम जाड बसवला होता, त्यामुळं त्याला वेळ लागला, आणि त्या वेळात मी किती म्हातारा झालो ते माझं मला ठाऊक. दार उघडलं. उन्हाचा पट्टा आत आला आणि पट्ट्यात एक माणूस. इस्त्रीचा पांढरा सदरा, पॉलिशचे बूट, अंगाला अत्तर. तोंडावर रुमाल.

जमादारांनी मागून मिठी मारली, शिपायानं हात पिरगाळले, बाईंनी रुमाल खेचला. चांगला घरंदाज दिसणारा, तिशी-पस्तिशीचा. एवढं झालं तरी तो म्हणाला, "अहो, मी पत्रिका द्यायला आलतो!" खरोखर त्याच्या खिशात लग्नपत्रिका होती. आत माणूस निघालाच तर द्यायची आणि पत्ता चुकला म्हणायचं, ही त्याची युक्ती.

मी पाटावरून उठलो. मनसोक्त खोकलो. मग विचारलं, "कोणाची पत्रिका?"

त्यानं पत्रिकेकडं वाकून बघितलं. त्याला स्वतःलाच वाचावी लागली.

गल्ली लोटली. जो तो त्याला बघायला पुढं. मुनिमानं हात उगारला तर बाईंनी त्यालाच दरडावून मागं सारलं. संगू लग्नातून पळत आला आणि माझ्यासमोर नुसता उभा राहिला. मी त्याला म्हणालो, "पंखा लाव." तेवढंच बोलणं पुरलं.

डबी मात्र परत आली नाही. सोनाराकडं तिचा गोळा झाला होता, आणखी कोणाकोणाच्या चांदीसह. ओळख पटवायला बोलावलं तेव्हा मी तो गोळा हातात घेतला. सगळीकडून फिरवला. अंगठा कुठं बसेना. मी म्हणालो, "ही माझी न्हाई." बाई म्हणाल्या, "आप्पा, तुमचीच आहे, तो कबूल झालाय." मी म्हणालो, "त्याला काय माहीत?"

चोरी उलगडली, तरी त्या उन्हाळ्यातलं सगळ्यांत मोठं नुकसान अजून व्हायचं होतं. ठाण्यात त्या माणसानं सांगितलं, आणि ते स्वामीच्या समोरच सांगितलं, की मला काही हुडकावं लागायचं नाही, महाराज आवाज द्यायचे आणि माझं काम व्हायचं. स्वामी तिथून उठला तो थेट माझ्याकडं आला. झोळीतली घंटा काढून माझ्या देवघरात ठेवली.

"ठिव तुझ्याकडं."

"तू सुटलास बस्या. सगळ्यांना कळलं."

"मी चोरी केली न्हाई ते कळलं. पण चोराला वाट माझ्याच तोंडानं दाखवली ना? मास्तरांच्या पोरीचं लग्नाचं सोनं गेलं. आता कोणत्या गळ्यानं ओरडू?"

मी पुष्कळ बोललो. त्यानं मान हलवली आणि गेला. त्यानंतर गल्लीत आवतन बंद झालं. लग्नं होत राहिली. आवतनाऐवजी मोबाईलवर गणपतीचं चित्र येतं, मागं सनई वाजत राहते, आपण बोटानं वर सरकवायचं. पोलिसांनी सांगितलेलं लोक आता पाळतात. कोणी तरी एक मागं राहतं. चूलबंद शब्द पोरांना माहीत नाही. चोऱ्याही कमी झाल्या, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण उन्हाळ्यात दुपारी लिंबाखालची ती शांतता मला सहन होत नाही. घंटा देवघरात आहे. मी रोज पुसतो, वाजवत नाही.

यंदा आमच्या गौरीचं, माझ्या नातीचं लग्न निघालं. संगूनं मोबाईलवरची पत्रिका दाखवली. मी म्हणालो, "छान हाय. आवतन बसय्या देईल."

"आप्पा, ते देत न्हाईत आता."

"मग लग्न पुढं ढकला."

सून हातातलं लाटणं धरून तशीच उभी राहिली. मुलाकडचे उदगीरचे, तारीख ठरलेली, मंगल कार्यालय घेतलेलं. पण माझा हट्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी घंटा घेऊन मठात गेलो. तो ओसरीवर भस्माच्या गोळ्या वळत होता. घंटा बघून म्हणाला, "घेऊन जा." मी बसलो. ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत त्याच्यासोबत गोळ्या वळत राहिलो. मग तो म्हणाला, "मी आवतन दिलं आणि कोणाचं घर फुटलं तर?"

"तुझी भीती ती हाय तर राखण तूच कर. आवतन दे, आणि लग्नाच्या दिवशी गल्लीत बस."

त्यानं गोळी खाली ठेवली. "माझ्यावर कुलपं सोडून जातील ती माणसं? मुनीम जाईल?"

मी घंटा तिथंच ठेवून आलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसलो. सून दाराआड, गौरी हळदीच्या हातांनी खिडकीत. टपरीवाल्यानं भरलेला तांब्या लिंबाखाली आणून ठेवला होता, मी न सांगता. उन्हं कलायला लागली. येत नाही, असं संगू म्हणणार होता, तेवढ्यात घंटा वाजली.

म्हाताऱ्याचा गळा. चिरलेला, धाप लागलेला. पण शब्द पुरे. "शिवलिंगआप्पाच्या घरचं लगीन! अख्ख्या गल्लीला चूलबंद आवतन हाय होऽ!" थोडं थांबला. मग पूर्वी कधी नव्हतं ते त्यानं पुढं जोडलं. "मागं राखणीला मी बसतो. ज्याला पटंल त्यानं किल्ली आणून द्यावी!"

एक खिडकी उघडली, मग दुसरी. मुनिमाची उघडली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांच्या आधी निघालो. कार्यालयात मला काही दिसत नव्हतं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. माझं लक्ष दारात, गल्लीतलं कोण आलं आणि घरचं कोण मागं राहिलं ह्यावर. मास्तरीणबाई आल्या, त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाईसुद्धा आल्या. हळूहळू बाकीचे आले. शेवटी मुनीम आला, बायको, सुना, नातवंडं घेऊन. मी त्याच्या कमरेकडं बघितलं. करदोट्याला किल्ली नव्हती. त्यानं माझी नजर पकडली आणि कुरकुरत म्हणाला, "दिली. आता जेवायला तरी नीट घाला."

पंगत मांडली तशी मी आडवा उभा राहिलो. "बसायचं न्हाई. जंगमाच्या आधी आमच्यात पंगत बसत न्हाई. स्वामीचं ताट जाऊ द्या."

उदगीरकर व्याही तापले. "आप्पा, उन्हातान्हाचं माणसं उपाशी ठेवता का?" संगूनं त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "थांबा जरा. आमचे आप्पा बरोबर हायेत." हे वाक्य त्याच्या तोंडून मी बऱ्याच उन्हाळ्यांनी ऐकलं.

ताट झाकून मी स्वतः ऑटोत बसलो. गल्लीत शिरलो तर पोलिसांची भोंग्याची गाडी तिथंच उभी. भोंगा चालू, कुलूप लावा, शेजाऱ्याला सांगा. शेख जमादार, आता पार पिकलेले, लिंबाखाली स्वामीशेजारी बसून ताक पीत होते. स्वामीच्या पुढं पंचा अंथरलेला आणि पंचावर किल्ल्या. पितळी, लोखंडी, गाठोड्यात बांधलेल्या, मुनिमाची लाल दोऱ्याची.

स्वामी ताटाला हात लावेना. आमच्या घराकडं बघत म्हणाला, "सगळ्यांच्या किल्ल्या आल्या म्हाताऱ्या. तुझी न्हाई आली. तुझाच भरवसा न्हाई व्हय माझ्यावर?"

"किल्ली कुठून येणार? मी कुलूपच लावलं न्हाई."

जमादारांनी ताकाचा पेला खाली ठेवला. स्वामी उठून उभा राहिला. मग खच्चून ओरडला, घंटेच्याही वर जाईल असा, जुन्या गळ्यानं. "आरं, तुला अक्कल हाय का शिवल्या! गाडी तासभर ओरडून सांगायलीय!"

किल्ल्यांचा पंचा त्यानं गोळा करून काखेत मारला, दुसऱ्या हातात ताट उचललं, तरातरा जाऊन आमचं उघडं दार पुढं ओढलं आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसला. मी मागं गेलो. त्यानं पहिला घास मोडला. मी संगूला फोन लावला आणि म्हणालो, "बसव पंगत."